माझ्या तोंडून गेलेला होकार

आमच्या घरात ‘बघू’ या शब्दाचा अर्थ ‘नाही’ असा होता. बाबा कुणालाच सरळ नाही म्हणत नसत. मैत्रिणीकडे राहायला जाऊ का, तर बघू. मांजर पाळू या का, तर बघू. आईनं चैत्र लागला की चिपळूणला जायचा विषय काढायचा आणि बाबांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता ‘बघू’ म्हणायचं, मग आई स्वयंपाकघरात भांडी जरा जास्त जोरात लावायची. बाबा वाईट नव्हते हो. बँकेतला माणूस, मुंबईहून तीन वर्षांसाठी तोक्योच्या शाखेत आलेला आणि मुदतवाढ घेत घेत तिथेच रुळलेला. त्यांना कुणाचं मन मोडायचं नसायचं, म्हणून ते ‘बघू’ म्हणायचे. मला ते फार उशिरा कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की त्या शब्दापुढे काही उगवत नाही.

तोक्योतल्या फुनाबोरीत सहाव्या मजल्यावर आमचं घर होतं. दोन खोल्या, एक अरुंद स्वयंपाकघर, आणि दारातच चपला-बूट काढायचा खोलगट चौकोन. त्यात माझे बूट ठेवले की बाकीच्यांच्या चपलांना जागा उरायची नाही. तेराव्या वर्षी मी बाबांच्या बरोबरीला आले आणि चौदाव्या वर्षी त्यांच्या डोक्यावरून पलीकडचं दिसायला लागलं. आईच्या माहेरची माणसं उंच, त्यामुळे ती म्हणायची, “माझ्या बापावर गेलीय.” पण जवळच्या निशी-कसाईला गणपतीसाठी मराठी मंडळी जमली की बायका माझ्याकडे मान वर करून बघत आणि आईला हळूच विचारत, “काय गं, हिला नवरा कुठून आणायचा?” आई हसायची. घरी येऊन माझ्या फ्रॉकची शिवण आणखी दोन बोटं उसवायची. भुयारी रेल्वेत उभी राहिले तर सगळा डबा माझ्या खांद्याखाली. शाळकरी मुलं कोपरानं एकमेकांना खुणा करायची. मी कुबड काढून चालायला शिकले होते. अजूनही फोटोत माझे खांदे पुढे आलेले दिसतात, ते त्या वर्षांचे आहेत.

ताठ उभं राहायची जागा एकच होती, शाळेचा जिम. तिथे बाईंना-सरांना सेन्सेई म्हणतात. आमच्या कुरोदा-सेन्सेई वर्गशिक्षिका होत्या आणि मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षकही. पहिल्याच आठवड्यात शाळेच्या फाटकात त्यांनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, “साळवी-सान, उद्या सकाळी सातला बूट घेऊन ये.” बस, एवढंच. सकाळच्या सरावाआधी आम्हीच फरशी पुसायचो, ओळीनं, ओणव्यानं धावत. मग ओल्या लाकडावर बुटांचा तो चिरका आवाज, चेंडूचा धपधप आवाज, आणि कुरोदा-सेन्सेईंची शिटी. आई डब्यात मेतकूट-भाताचे गोळे द्यायची, वरून काळं समुद्री शेवाळ गुंडाळून, म्हणजे बाहेरून सगळ्यांसारखं दिसावं. पण मेतकुटाचा वास कुठला लपतोय! दुसऱ्याच महिन्यात संघातल्या मुली माझ्याकडे तो ‘पिवळा ओनिगिरी’ मागायला लागल्या. माझी उंची आणि माझा डबा, दोन्हींची तिथे कुणाला लाज वाटत नव्हती.

आता मला जे सांगायचंय ते सांगण्याआधी तिथली पद्धत सांगायला हवी. तिथे हायस्कूल दहावीपासून सुरू होतं, आणि हायस्कुलांचे प्रशिक्षक आठवी-नववीतल्या मुली हेरत हिंडतात. प्रवेशाचे कागद होतात खूप नंतर, वर्षभरानं. त्याआधी असतो तो नुसता तोंडी शब्द. पण एकदा शब्द गेला की मुलगी ‘ठरली’. दुसऱ्या शाळा तिच्याकडे फिरकत नाहीत, आणि ती शाळाही त्या जागेसाठी दुसरी मुलगी शोधायची थांबते. शब्द मोडता येतो, कायद्यानं कुणी धरत नाही. पण तो मोडला तर मुलीच्या जुन्या शाळेची, तिच्या प्रशिक्षकाची मान खाली जाते, आणि मागून येणाऱ्या मुलींची वाट बंद होते. चौदा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात हे सगळं. आज लांबून बघताना मला मोठ्या माणसांचाच राग येतो. तेव्हा मात्र छाती फुगली होती.

हिवाळ्यातल्या एका रविवारी दुपारी इगराशी-सेन्सेई आमच्या घरी आले. उत्तरेकडच्या बर्फाळ गावातल्या एका शाळेचे ते प्रशिक्षक, साठीचे, रुंद, पांढरे केस बारीक कापलेले. आमच्या जिल्ह्याच्या स्पर्धेत त्यांनी मला दोनदा पाहिलं होतं. सोबत कुरोदा-सेन्सेई. बाबांचं जपानी ऑफिसातल्या नमस्कार-चमत्कारापुरतं, पाहुण्यांना इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे दुभाषी मीच. इतकी वर्षं मीच होते. डॉक्टर, वॉर्ड ऑफिस, गळक्या नळाची तक्रार, सगळं माझ्या तोंडून व्हायचं. इगराशी-सेन्सेईंनी सोफा सोडून खाली जमिनीवर गुडघे दुमडून बैठक मारली. मग बाबांनाही खाली बसावं लागलं, दुखरा गुडघा सांभाळत, मांडी घालून. आई आत बटाटेवडे तळत होती. तेलाचा चरचर आवाज आणि मोहरीचा वास सगळ्या घरभर.

ते आधी बाबांशी नाही, माझ्याशी बोलले. म्हणाले, “आमच्याकडे तू वाकून चालणार नाहीस. आमच्या जिममध्ये सगळ्यात बुटकी मुलगी पाच फूट सात इंच आहे.” मग बाबांकडे वळून त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले आणि सावकाश बोलायला लागले. तीन वर्षं त्यांच्या हायस्कुलात, वसतिगृहात राहून. त्याला जोडूनच विद्यापीठ आहे, पुढची चार वर्षं त्या विद्यापीठाच्या संघात. सगळी सात वर्षं ते मुलीची जबाबदारी घेतील. आज त्यांना कागद नको, शब्द हवा.

मी हे सगळं मराठीत नीट सांगितलं. बाबांनी चष्मा काढून पुसला.

“सात वर्षं?” ते म्हणाले. “गौरी, तू चौदाची आहेस. सात वर्षांचं असं चहा पिता पिता कुणी ठरवतं का? हे बघ, माणूस एवढ्या लांबून आलाय, तुटक बोलू नकोस. नम्रपणे सांग, आम्ही विचार करून कळवतो.”

म्हणजे ‘बघू’. आणि गंमत अशी की ‘विचार करून कळवतो’ याला जपानीत जे वाक्य आहे, ‘केन्तो शिमासु’, त्याचाही अर्थ तिथे ‘नाही’ असाच घेतात. मला ते पक्कं ठाऊक होतं. मी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं असतं, तर समोरच्या माणसानं वाकून आभार मानले असते, वडा खाल्ला असता, बूट घातले असते आणि सगळं तिथेच संपलं असतं. दोन भाषा, आणि दोन्हींतला सभ्य शब्द माझ्यावर दार लावणारा. स्वयंपाकघरात तेल चरचरत होतं.  मी मान खाली घातली आणि म्हणाले, “वडील म्हणतात, मुलगी तुमच्या हवाली करतो. योरोशिकु ओनेगाई इताशिमासु.” आणि कपाळ जमिनीला टेकेल इतकी वाकले.

शेवटचे ते शब्द, ‘कृपा असू द्या’ अशा अर्थाचे, बाबा ऑफिसात दिवसातून पन्नास वेळा ऐकायचे. फोन ठेवतानाही, लिफ्टमधून उतरतानाही. त्यांना ते ‘बरंय, येऊ मग’ यासारखे वाटले असणार. मी वाकले म्हणून तेही वाकले, समोरचा वाकला की वाकायचं एवढं ते शिकलेले होते. इगराशी-सेन्सेईंनी क्षणभर बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात जमिनीवर टेकून असा खोल नमस्कार केला की कुरोदा-सेन्सेईंचे डोळे भरून आले. त्याच वेळी आई वड्यांची ताटली घेऊन बाहेर आली आणि दारातच थबकली. “काय झालं? सगळे पालथे का?” ती म्हणाली.

पाहुणे गेल्यावर बाबा कौतुकानं म्हणाले, “किती सभ्य माणूस! टाळलं तरी केवढा वाकला.”

मी न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बसले.

पुढचे सहा महिने मी कशी जगले ते मलाच माहीत. शाळेत मी ‘ठरलेली’ होते. कुरोदा-सेन्सेईंनी माझ्या वतीनं आणखी दोन शाळांना नकार कळवला आणि ते मला अभिमानानं सांगितलं. घरी यातलं कुणाला काही माहीत नव्हतं. उत्तरेकडून महिन्याला एक पत्र यायचं, बाबांच्या नावानं, ब्रशनं लिहिलेलं. शाळेतून आल्यावर आधी मी खालची टपालपेटी उघडायची. जे हातून सुटायचं ते बाबा माझ्याकडूनच वाचून घ्यायचे. “काय लिहिलंय?” “हवापाण्याचं, बाबा. तिकडे अजून बर्फ आहे म्हणतात.” आणि लिहिलेलं असायचं, मुलीच्या पलंगाची जागा खिडकीशी ठरवली आहे, मुलीनं सध्या डावा घोटा जपावा.

मग सफरचंदांची पेटी आली. प्रत्येक फळ वेगळ्या कागदात, लहान मुलाच्या डोक्याएवढं. “हे कशाला पाठवतात?” आईनं विचारलं. इथली रीत आहे, असं मी सांगितलं. तर बाबा, कुणाचं घेऊन गप्प बसणारे थोडेच! त्याच सुमारास बँकेच्या कामानं मुंबईला गेले होते, तिथून त्यांनी एक चांगली लोकरी शाल आणली. “आपल्याकडे मोठ्या माणसाचा मान शाल देऊन करतात, हे चिठ्ठीत लिही,” म्हणाले. मी लिहिलं. काय करणार? ती चिठ्ठी वाचून इगराशी-सेन्सेईंना काय वाटलं असेल ते मला न सांगताच कळत होतं. लगेच दुसरी पेटी आली. मग तिसरी. आई सफरचंदांचा मुरांबा करून शेजारीपाजारी वाटत होती. दोन सज्जन माणसं एकमेकांशी शिष्टाचारानं वागत होती आणि त्यांच्या प्रत्येक शिष्टाचारानं माझ्या गळ्यातली गाठ घट्ट बसत होती.

एप्रिलमध्ये नवं शालेय वर्ष सुरू झालं आणि त्याच आठवड्यात बाबा मिठाई घेऊन घरी आले. मुंबईला बदली. पुढच्या मार्चअखेर सगळ्यांनी परत जायचं. आई पदरानं डोळे टिपत देवाला साखर ठेवायला गेली. बाबा म्हणाले, “गौरीची दहावी तिकडे कुठल्या शाळेत बसवायची ते आता पाहायला लागलं पाहिजे.”  त्या वेळी सांगायला हवं होतं. त्यानंतरही रोज सांगायला हवं होतं. मी रोज ठरवायची, आज जेवताना सांगू, आणि जेवण संपायचं. खोटं बोलायला मला एक श्वास पुरला होता, आणि खरं बोलायला तीन महिने पुरत नव्हते.

जुलैत, सुट्टी लागायच्या आधी, शाळेत शिक्षक-पालक-विद्यार्थी अशी तिघांची बैठक असते. बाबा सकाळी बूट घालता घालता म्हणाले, “तुझ्याबद्दलच बोलायचं आणि तूच सांगायचं, हे काही बरोबर नाही. मी मनीषाकाकूंना यायला सांगितलंय.” मनीषाकाकू निशी-कसाईला राहायच्या. मूळच्या पुण्याच्या, नवरा जपानी, वीस वर्षांचा संसार. त्यांचं जपानी ऐकलं तर त्या जपानी नाहीत हे फोनवर कुणाला कळत नसे. 

वर्गाबाहेर कॉरिडॉरमध्ये तीन खुर्च्या मांडल्या होत्या. बाहेर झाडांवर रातकिड्यांसारखे ते उन्हाळी किडे नुसते करवतत होते. बाबा रुमालानं मान पुसत काकूंशी बदलीबद्दल बोलत होते. मी तीनदा म्हटलं, “बाबा,” आणि तीनदा ते म्हणाले, “काय गं?” आणि मी म्हटलं, “काही नाही.” मग दार उघडलं.

कुरोदा-सेन्सेईंनी हसून स्वागत केलं. समोर एक लिफाफा होता. त्या बोलल्या, काकू एकेक वाक्य मराठीत करत गेल्या. अभ्यास ठीक, गणित सुधारायला हवं. मग त्यांनी लिफाफा पुढे सरकवला.

“म्हणतायत,” काकू म्हणाल्या, “शिफारशीच्या कागदावर तुमचा सहीचा शिक्का सप्टेंबरपर्यंत हवा. गेल्या हिवाळ्यात तुम्ही इगराशी-सेन्सेईंना जो शब्द दिलात, त्याप्रमाणे वसतिगृहातली जागा...” त्या थांबल्या. “भाऊ, तुम्ही तर मार्चमध्ये चाललात ना?”

“कसला शब्द?” बाबा म्हणाले.

काकूंनी ते जपानीत सांगितलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाबांनी माझ्याकडे पाहिलं. कुरोदा-सेन्सेई आळीपाळीनं तिघांकडे बघत होत्या, ओठांवर अजून हसू होतं पण डोळ्यांतलं विझत चाललं होतं. मी टेबलाच्या कडेवर नखानं ओरखडे काढत होते. बाबांच्या चेहऱ्यावर एकामागून एक सगळं उमटत गेलेलं मला दिसलं. तो नमस्कार, पत्रं, सफरचंदं, शाल.

“दिला होता,” बाबा काकूंना म्हणाले. आवाज अगदी हलका होता. “त्यांना सांगा, मी शब्द दिला होता. आणि मी स्वतः जाऊन इगराशी-सेन्सेईंना भेटणार आहे.”

काकूंनी तेवढंच सांगितलं. स्टेशनवर निरोप घेताना काकूंनी माझ्या दंडाला हात लावला, बस.

घरी आईनं मला फैलावर घेतलं. “बापाच्या तोंडात शब्द घातलेस? परक्या माणसाला फसवलंस? आणि मी मुरांबे करत बसले!” ती रडत होती आणि रडता रडता मला जेवायला वाढत होती. बाबा दोन दिवस काही बोलले नाहीत. त्यांनी ‘बघू’सुद्धा म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “शनिवारी जायचंय. तिकिटं काढलीत.”

शिन्कान्सेन या बुलेट ट्रेनमधून उत्तरेकडे जाताना दोन्ही बाजूंना नुसती हिरवी भातशेती होती. आईनं तिखटमिठाच्या पुऱ्या दिल्या होत्या, त्या मांडीवर तशाच राहिल्या. बाबा सगळ्या प्रवासात एवढंच बोलले. “तिथे मी जे बोलेन तेवढंच सांगायचं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. आणि त्यांचंही तसंच.” मी मान हलवली. “काकूंना का नाही आणलं?” मी विचारलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

जिम गावाबाहेर होता, उंच छताचा. आत सराव चालू होता. पंधरा-वीस मुली, सगळ्या माझ्यासारख्या, कुणी माझ्याहून उंच. धावताना एकीचेही खांदे पुढे आलेले नव्हते. मला दारातच रडू फुटेल असं वाटलं. इगराशी-सेन्सेई आम्हाला बाजूच्या काचेच्या ऑफिसात घेऊन गेले, बार्लीचा थंड चहा ठेवला आणि समोर बसले. कुरोदा-सेन्सेईंनी फोन केला असणार. त्यांना काहीतरी बिनसलंय एवढं कळलेलं दिसत होतं.

बाबा म्हणाले, “सांग. माझ्या मुलीनं त्या दिवशी तुम्हाला माझे शब्द म्हणून जे सांगितलं, ते माझे नव्हते.”

मी सांगितलं. ‘माझ्या मुलीनं’ म्हणताना कुणाबद्दल बोलावं हेच कळेना, पण सांगितलं. बाबा पुढे म्हणाले, “चूक तिची आहे, आणि मी ती सहा महिने ओळखली नाही ही माझी. मी माफी मागायला आलोय.” तेही सांगितलं. आणि बाबा, दुखऱ्या गुडघ्याचे, खुर्चीतून उठून वाकले.

 काचेपलीकडे चेंडूंचा आवाज चालू होता. मग इगराशी-सेन्सेईंनी मला विचारलं, “वडील त्या दिवशी खरं काय म्हणाले होते?”

“केन्तो शिमासु,” मी म्हणाले.

“हं. ते ऐकलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी निगाताला गेलो असतो. तिथे एक मुलगी होती. तुझ्याइतकी उंच नाही, पण चांगली. फेब्रुवारीत मी तिला नाही म्हणून कळवलं.” ते थांबले. “हे वडिलांना सांग.”

मी सांगितलं. त्या मुलीचं नाव मला कधीच कळलं नाही. इतक्या वर्षांत ती माझ्या मनातून गेलेली नाही. कधी कधी कावासाकीला, जिथे मी आता नोकरी करते, ऑफिसच्या गर्दीत एखादी उंच बाई दिसते, माझ्याच वयाची, आणि मला उगीच वाटतं, हीच असेल.

मग इगराशी-सेन्सेई जे बोलले ते मला अनपेक्षित होतं. चहाच्या पेल्याकडे बघत म्हणाले, “मीही एक गोष्ट सांगायला हवी. त्या दिवशी मी तुमचा चेहरा पाहिला होता. तो हो म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा नव्हता. चाळीस वर्षं मी आईबापांचे चेहरे बघतोय, मला कळतं. पण मला उंच मुलगी हवी होती. म्हणून मी चेहऱ्यावर नाही, शब्दांवर विश्वास ठेवला. चौदा वर्षांच्या मुलीच्या शब्दांवर.”

हे मी मराठीत सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं. “सांग त्यांना,” ते म्हणाले, “तिसरी पेटी आली तेव्हा मलाही शंका आली होती. मी विचारलं नाही. कुणाला तरी आपली मुलगी एवढी हवीय, हे मला बरं वाटत होतं.”

 मग इगराशी-सेन्सेई म्हणाले, “म्हणजे तुमचं उत्तर अजून यायचंच आहे. काय आहे ते?”

बाबांनी माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, “तुला यायचंय इथे?”

“हो.”

“मला कधी म्हणाली नाहीस.”

“तुम्ही ‘बघू’ म्हणाला असतात.”

त्यांना ते लागलेलं चेहऱ्यावर दिसलं. ते काचेतून मुलींकडे बघत राहिले. एक लांब हातांची मुलगी उडी मारून चेंडू बास्केटमध्ये हलकेच ठेवत होती, पुन्हा पुन्हा, त्याच जागेवरून. बाबांनी ते पाच-सहा वेळा पाहिलं. मग म्हणाले, “नाही. सांग त्यांना. आम्ही मार्चमध्ये परत जातोय, आणि मी हिला इथे ठेवून जाऊ शकत नाही. सात वर्षांचा शब्द हिच्या वतीनं देण्याचा अधिकार मला नाही, आणि हिचं वय अजून तो द्यायचं नाही. हे उत्तर माझं आहे. मुलीचं उत्तर वेगळं आहे, तेही सांग.”

दोघेही माझ्या तोंडाकडे बघत होते. काकूंना का आणलं नाही ते त्या क्षणी मला कळलं. आताही मी एकटीच होते. आताही एक वाक्य बदललं की झालं. बाबांना काय कळणार होतं? बाहेर त्या मुली होत्या, ते उंच छत होतं, खिडकीशी एक पलंग होता. एक श्वास. माझ्या ओठांवर ते जुनं वाक्य तयार होतं, खरंच होतं, हे मी आज लपवत नाही. जपानीत सरळ नाही म्हणणं किती अवघड असतं ते तिथे राहिलेल्यांना विचारा. शाळेत तो शब्द मी कधी वापरलाही नव्हता. मी म्हणाले, “वडील नकार देतात.” मग कारणं सांगितली, एकही न गाळता. “आणि मला यायचं होतं,” असं शेवटी सांगितलं.

इगराशी-सेन्सेईंनी मान हलवली. बाबांना नमस्कार केला, मग मलाही, निराळा, मोठ्या माणसाला करतात तसा. म्हणाले, “नीट सांगितलंस.”

नंतर मी पुण्यात कॉलेजच्या संघाकडून खेळले, बऱ्यापैकी खेळले, एकदा राज्याच्या निवडीपर्यंत पोचले. जपानला परत आले ती नोकरीसाठी, आणि त्या गावाला पुन्हा कधी गेले नाही. कुरोदा-सेन्सेई मला एका शब्दानंही टाकून बोलल्या नाहीत, पण पुढच्या वर्षी उत्तरेकडचं कुणी आमच्या शाळेत मुली बघायला आलं नाही, हे मला धाकट्या मैत्रिणीच्या पत्रातून कळलं. बाबांनी मात्र त्या दिवसानंतर मला ‘बघू’ म्हटलं नाही. हो किंवा नाही, लगेच. नाहीच जास्त वेळा. भांडणंही झाली, जोरजोरात, आई मध्ये पडायची. पण मी विचारायची थांबले नाही.

त्या दुपारी आम्ही निघायला उठलो, तर इगराशी-सेन्सेई म्हणाले, जरा थांबा. त्यांनी टेबलावरची वही उघडली, नंबर शोधला आणि तिथूनच फोन लावला. निगाताच्या शाळेला. बाबांनी मला कोपरानं खुणावलं, काय म्हणतायत?

“विचारतायत, ती मुलगी अजून मोकळी आहे का.”

इगराशी-सेन्सेई ऐकत होते. हं, हं, म्हणत होते. मग ते फोनसमोर वाकले, एकदा, पुन्हा एकदा. पण तिथे लोक होकारालाही वाकतात आणि नकारालाही. बाबा त्यांच्या पाठीकडे बघत होते. फोन ठेवून ते वळले आणि मला म्हणाले, त्या मुलीनं मे महिन्यात बास्केटबॉल सोडला, आता ती सरावाला येत नाही. वडिलांना हे नाही सांगितलंस तरी चालेल.

“काय म्हणाले?” बाबांनी विचारलं.

मी सांगितलं.